एकही हाड न मोडता

आधीच सांगून टाकतो, मला या खेळातलं अजूनही धड काही कळत नाही. चार जण, चार फेऱ्या, पाचशे सीसीची मोटरसायकल आणि तिला ब्रेक नाही. नादुरुस्त नाही हो, मुळात बसवलेलाच नाही. गिअर एकच. वळायचं फक्त डावीकडे. डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधायचा, तो पाय जमिनीवर घासत न्यायचा आणि मागचं चाक मुद्दाम घसरवायचं. मिनिटभरात शर्यत खलास. अशा पंधरा झाल्या की एक सामना. याला स्पीडवे म्हणतात. इंग्लंडात याची एक पहिल्या दर्जाची लीग असते आणि एक दुसऱ्या दर्जाची. माझ्या एकुलत्या एक मुलीला लग्न करायचं होतं ते दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये गाडी पळवणाऱ्या मुलाशी.

मी दीनानाथ, हाडांचा डॉक्टर. माझी निम्मी नोकरी सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये गेली. इथे थंडी पडली की अख्खं गाव वाळवंटात तंबू ठोकून बसतं आणि पोरं भाड्याच्या दबाबवर बसून वाळूत उधळतात. दबाब म्हणजे ती चार चाकांची वाळूतली मोटरसायकल. गुरुवारी संध्याकाळी ती सुटतात आणि शनिवारपर्यंत एकेक करून माझ्याकडे पोचतात. मांडी, मनगट, खुबा, काय वाटेल ते. मोटरसायकल नावाच्या वस्तूशी माझी ओळख आहे ती तिने केलेल्या नासाडीवरून.

आणि माझी मुलगी फेब्रुवारीत दहा दिवसांसाठी घरी येते, जेवताना भाताचा घास कालवता कालवता म्हणते, "बाबा, मी गुरुनाथशी लग्न करायचं म्हणतेय."

स्मृती तिकडे इंग्लंडात एका लहान गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, कॅज्युअल्टीत. गुरुनाथ चेंदवणकर. आडनाव ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आईवडील मूळचे आमच्या चिपळूणकडचे, तिकडे जाऊन गॅरेज काढलेलं. मुलगा तिथेच जन्मला. आठवडाभर बापाच्या गॅरेजात आणि रविवारी वेक्सली हेरन्स नावाच्या संघातून शर्यतीत. हेरन म्हणजे बगळा. म्हटलं, ओळख कुठे झाली? तर म्हणे कॅज्युअल्टीत, त्याची हनुवटी तिनेच शिवली. वा! म्हणजे पेशंट म्हणूनच शुभारंभ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एवढ्या लांबून आलेल्या मुलीवर ओरडणार किती? म्हणून मी माझ्या मते फार हुशारी केली. म्हटलं, "ठीक आहे. हा अख्खा सीझन त्याने एकही हाड न मोडता काढून दाखवावा. मग मी स्वतः मुहूर्त काढीन."

स्मृतीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "एकही?"

"एकही. करंगळीसुद्धा नाही."

ती म्हणाली, चालेल. आणि पुन्हा जेवायला लागली. माझी बायको पद्मिनी मात्र ताटावरून उठली. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते, तिला शक्यता काढता येते. स्वयंपाकघरात मला म्हणाली की सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून तुम्ही हे लांबचं नाही म्हटलंत. मी म्हटलं, तसं समज. मनात मी अगदी निर्धास्त होतो. बिनब्रेकच्या गाडीवर मार्च ते ऑक्टोबर, आणि हाड शाबूत? मी हाडांचा डॉक्टर आहे.

सीझन सुरू झाला. बगळ्यांचे घरचे सामने रविवारी दुपारी, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी पाचला. रविवार इथे कामाचा. ओपीडी संपवून मी घरी यायचो, तोवर पद्मिनीने मोबाइलवरचा सामना टीव्हीला जोडून चहा टाकलेला असायचा. मी बघणार नाही असं जाहीर केलं होतं. पण समोरच चालू असेल तर माणूस डोळे मिटून थोडाच बसतो!

पहिल्याच रविवारी माझी फजिती. गुरुनाथने हेल्मेटवर लाल टोपी चढवलेली. मी लाल टोपी मनात धरून ठेवली. नंतरच्या एका शर्यतीत लाल टोपी सगळ्यांच्या पुढे आली आणि माझ्या हातून टाळी वाजली. मीच दचकलो. पद्मिनी शांतपणे म्हणाली, "तो आत्ता निळ्या टोपीत आहे. शेवटचा आलाय." म्हणजे घरचे दोघे लाल आणि निळे, पाहुणे दोघे पांढरे आणि पिवळे, आणि कोणाच्या डोक्यावर कधी काय हे शर्यतीगणिक बदलणार. पुढच्या वेळी बाहेरगावचा सामना होता तेव्हा मी निळा शोधत बसलो आणि हा पठ्ठ्या पांढऱ्या टोपीत. मी अर्धा सामना भलत्याच माणसाच्या हाडांची काळजी केली.

मार्कांचं तर विचारू नका. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. इथवर ठीक. पण आपल्याच जोडीदाराच्या मागे आलात तर त्याचा वेगळा बोनस, आणि तो संघाच्या बेरजेत धरत नाहीत. मग कशात धरतात? पद्मिनीने मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती शाळेतल्या आवाजात समजावायला लागली तेव्हा मी म्हटलं, कळलं. कळलं काही नव्हतं.

मे महिन्यात मी टीव्ही लावला तर गुरुनाथ भलत्याच संघाच्या कपड्यांत. मी ओरडलोच, की बघ तुझा जावई, संघसुद्धा सोडला! पद्मिनीने कपाळाला हात लावला. एखाद्या संघाचा माणूस जायबंदी झाला की एका दिवसापुरता दुसऱ्या संघातला माणूस पाहुणा म्हणून मागवतात. हाडं एवढी मोडतात की त्यासाठी नियम करून ठेवलाय, यातच सगळं आलं. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडे सुट्टीवरच्याच्या जागी लोकम डॉक्टर येतो तसा? ती म्हणाली, अगदी तसा. बरं, पण पुढच्याच आठवड्यात बगळ्यांचा सामना त्याच संघाशी, आणि हा आता त्यांच्याविरुद्ध! गेल्या रविवारी मी ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला, त्यांना आता हरवायचं. माझं डोकं गरगरलं.

जुलैत हफ्रला धुळीने आठ दिवस सूर्य दिसला नाही. दाराखाली ओले टॉवेल लावून आम्ही टीव्हीसमोर बसलो, तर तिकडे चिखल झाला म्हणून सामना रद्द. मी चक्क चिडलो. रद्द झाला म्हणजे त्या दिवशी काही मोडणार नाही, मला काय त्याचं? पण चिडलो खरा. पद्मिनी गालात हसत होती, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खुपायला लागली होती. गुरुनाथ जिंकत नव्हता. सुरुवातीची दोरी वर गेली की हा पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या बरोबरीने, आणि मग कुठे फट दिसली की आत घुसायचं सोडून हा हात आखडता घ्यायचा. दुसऱ्यावरून तिसरा. मुकाट्याने एक मार्क घेऊन परत. समालोचक त्याला चँडी म्हणतो, चेंदवणकर त्याच्या जिभेला झेपत नाही. तो दर आठवड्याला हळहळायचा, की गेल्या वर्षीचा चँडी या फटीतून डोळे मिटून गेला असता, यंदा याला झालंय काय? संघ पुढच्या वर्षी याला ठेवेल का, अशीही चर्चा सुरू झाली.

ऑगस्टातल्या एका रविवारी त्याच्यासमोर आतल्या बाजूने अख्खा दरवाजा उघडा होता. मी ओरडलो, "अरे घूस ना!"

पद्मिनीने कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय हो?"

काय सांगणार? तो पडावा असं वाटत होतं का? पडला की माझं म्हणणं खरं, विषय खलास. पण दर वळणावर त्याची गाडी आडवी व्हायला लागली की मीच खुर्चीचा हात घट्ट धरायचो. आणि तो सांभाळून चालवायला लागला तर मला त्याचा राग. घाबरट म्हणत होतो त्याला मनातल्या मनात. मी म्हटलं, "मला माहीत नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला एवढं खरं उत्तर मी क्वचितच दिलं असेल.

त्याच दिवशी पुढच्या एका शर्यतीत कोणीतरी घसरला आणि मागून येणाऱ्याने एकदम आपली गाडी आडवी पाडली, स्वतःहून. मी विचारलं, याला काय झालं, हा का पडला? पद्मिनी म्हणाली, "पडला नाही, पाडली. ब्रेक नाहीत ना. समोर माणूस पडला तर थांबायचा हा एकच उपाय. नाहीतर त्याच्या अंगावरून जाणार." आणि मग पंचाने आधी घसरलेल्याला बाद केलं आणि गाडी पाडणाऱ्याला पुन्हा शर्यतीत घेतलं. म्हणजे इथे पडण्यातसुद्धा प्रकार. मी हात टेकले.

सप्टेंबरात इथल्या नॅशनल डेची सुट्टी आली, आणि सुट्टीबरोबर नेहमीचं गिऱ्हाईक. त्यातला एक विशीतला तरणाताठा मुलगा होता. वाळूच्या चढावर त्याचा दबाब उलटला, आणि मागून येणारा चुलतभाऊ त्याच्या मांडीवरून गेला. आम्ही अर्धा दिवस त्या मांडीशी झटत होतो. बाहेर आलो तर तो चुलतभाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसलेला, अंगातल्या पांढऱ्या पायघोळ तोबवर अजून वाळू. मला बघून उठला आणि सारखं एकच सांगायला लागला, की मला थांबता आलं नाही डॉक्टर, खरंच थांबता आलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मैमुना, आमची ऑपरेशन थिएटरची सिस्टर, नंतर हात धुताना हळूच म्हणाली की त्या गाडीला ब्रेक होता, डॉक्टरसाब. त्या रात्री घरी जाऊन जेवण गेलं नाही.

ऑक्टोबरातला पहिला रविवार. बगळ्यांचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. गुरुनाथची हाडं तोवर सगळी जागच्या जागी. पद्मिनीने देवापुढे दिवा लावला होता, कशासाठी ते मी विचारलं नाही. मैमुनाला शेवटचे दोन पेशंट सोमवारी बोलवायला सांगून मी पावणेपाचलाच घरी हजर. स्मृतीचा सकाळी मेसेज आला होता, आज मैदानावरच आहे म्हणून. बाकी काही नाही.

सामना अगदी अटीतटीचा. पद्मिनी बेरीज करत होती, मी टोप्या बघत होतो. शेवटच्या शर्यतीपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. शेवटच्या शर्यतीत गुरुनाथ लाल टोपीत, त्याचा जोडीदार निळ्या टोपीत. तो जोडीदार म्हणजे कप्तान, वयाने मोठा, दोन मुलांचा बाप. समालोचक सांगत होता की त्याचा आज शेवटचा दिवस, यानंतर तो शर्यती बंद करणार.

दोरी वर गेली. पहिल्या वळणावर निळा पुढे, लाल त्याच्या लगेच मागे, पाहुणे दोघं मागे पडलेले. असंच संपलं असतं तर सामना आमचा. हो, आमचा. मी तसंच म्हणालो मोठ्याने. तिसऱ्या फेरीत गुरुनाथ कप्तानाच्या इतका जवळ की त्याच्या मागच्या चाकाखालची माती ह्याच्या तोंडावर. आणि मी पुटपुटत होतो, आता सांभाळ बाबा, एकच फेरी, सांभाळ.

शेवटच्या फेरीच्या वळणावर कप्तानाचं मागचं चाक निसटलं. तो खाली, गाडी एकीकडे, तो मातीत उताणा, बरोबर गुरुनाथच्या वाटेत.

विचार करायला वेळ नव्हता म्हणतात ना, ते खोटं. मी स्वतः पाहिलं. बाहेरून कुंपणालगत एक माणूस जाईल एवढी जागा होती. गेला असता तर कदाचित निभावलंही असतं, कदाचित कप्तानाचा पाय चाकाखाली आला असता. गुरुनाथने तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने गाडी आडवी टाकली आणि तिच्यासकट फरफटत जाऊन खांद्यावर कुंपणाला आदळला. लाल दिवे लागले, शर्यत थांबली.

कप्तान उठून बसला. त्याला खरचटलंही नव्हतं. गुरुनाथही उठला, पण डाव्या हाताने उजवा कोपर खालून उचलून धरलेला, मान एका बाजूला कललेली. टीव्हीवर अजून कोणी काही बोललं नव्हतं. मी म्हटलं, "कॉलरबोन." पद्मिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मग नेहमीचा घोळ. पंचाने कप्तानाला बाद केलं, गुरुनाथला पुन्हा शर्यतीत घेतलं, पण ज्याला घेतलं त्याचा हात उचलत नाही. त्याच्या जागी कोणीतरी राखीव आला, हरला. सामना गेला. समालोचक म्हणाला, आज निदान एक कोडं सुटलं, चँडी घाबरट नाही. माझे कान गरम झाले.

आम्ही दोघं टीव्ही बंद करून बसलो. चहा तसाच. मी जिंकलो होतो, माझी अट मोडली होती, आणि कोणीतरी मला थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. का, ते नीट कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने स्मृतीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिच्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होती. डोळे लाल, पण आवाज डॉक्टरचा. "बाबा, मोडलं. उजवं कॉलरबोन. तुम्ही म्हणाला होतात एकही नाही. मी वाद घालणार नाही."

मी विचारलं, "त्याला अट माहीत होती?"

"मार्चपासून. पहिल्या सामन्याच्या आधीच सांगितलं मी त्याला."

"म्हणून तो आत घुसत नव्हता?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "सगळे हसत होते त्याला, बाबा. क्लबवाले पुढच्या वर्षीचं काही बोलत नाहीत. तो म्हणायचा, एकच वर्ष आहे, काकांना शब्द दिलाय." आणि इथे तिचा डॉक्टरचा आवाज संपला.

शब्द मला कोणी दिला नव्हता. मी जेवणाच्या टेबलावर हुशारी केली होती, आणि त्या पोराने ती शब्द म्हणून घेतली, सहा महिने सांभाळली, आणि शेवटच्या फेरीत दुसऱ्याचा पाय वाचवायला मातीत टाकून दिली. माझ्या डोळ्यांसमोर तो कॉरिडॉरमधला पोरगा आला, तोबवरची वाळू झटकायचंही ज्याला सुचत नव्हतं.

"एक्स-रे पाठव," मी म्हटलं.

आला. चष्मा लावून, फोटो मोठा करून नीट पाहिला. मध्यावर मोडलेलं, टोकं जागेवरच, प्लेटची गरज नाही. सुबक फ्रॅक्चर, आमच्या भाषेत. मी चष्मा काढून ठेवला.

"हात झोळीत ठेवायचा. सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, अजिबात नाही. हार घालायला हात वर न्यावा लागतो. म्हणजे सहा आठवड्यांच्या आतला मुहूर्त चालणार नाही, सांगून ठेवतो."

पलीकडे स्मृतीचं तोंड उघडंच राहिलं. इकडे पद्मिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तसंही तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नाहीतच." म्हणजे हिने आधीच बघून ठेवलं होतं!

स्मृती रडत होती आणि हसतही होती. मोबाइल हलला आणि मागे कॉटवर तो दिसला, झोळीत हात, गालावर माती, चेहरा पडलेला. आमचं मराठी भराभर चाललं की त्याला निम्मंच कळतं. तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, सॉरी. मी हाड मोडला." मग स्मृतीकडे बघून विचारायला लागला, की ही रडते का, हसते का, काका रागावलेत का, आपण हरलो का?

ती सांगणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. म्हटलं, राहू दे त्याला जरा वेळ तसाच गोंधळात. मी मार्चपासून होतो.